मोठ्या चाकांचा इतिहास

यंत्रांचा इतिहास लिहिला जातो तेव्हा त्यात कारखान्यांची नावे येतात, संशोधकांची चरित्रे येतात, एकस्वांच्या तारखा येतात. कारखान्याच्या दारातून बाहेर पडल्यावर त्या यंत्राचे पुढे काय झाले, याची नोंद मात्र क्वचितच कोणी ठेवतो. वस्तुतः विकत घेतलेली मोटार मालकाच्या अंगणात येऊन उभी राहिली की तिचे दुसरे आयुष्य सुरू होते. रस्ता खडबडीत असतो, शेत ओले असते, माल बेताबाहेरचा असतो. आणि मग मालक पाना व हातोडी घेऊन गाडीखाली शिरतो. जुन्या पिकअप मोटारीला मूळच्यापेक्षा मोठी आणि रुंद चाके बसविण्याचा उद्योग हा या दुसऱ्या आयुष्यातील एक ठळक अध्याय आहे. वरवर पाहता तो हौशी माणसांचा खेळ वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी जमीन आणि ओझे यांचा फार जुना तंटा आहे.

हा तंटा आपल्याकडील बैलगाडीने शतकानुशतके अनुभवला. लाकडी चाकावर चढविलेली लोखंडी धाव अरुंद असते. कोरड्या, कठीण वाटेवर ती चालते. पण पावसाळ्यात काळ्या जमिनीत तीच धाव सुरीसारखी खाली उतरते. गाडीचे सारे वजन चार बोटांच्या पट्टीवर पडले तर जमीन ते सोसणार कशी? रबरी चाकात हवा भरली की हिशेब बदलतो. ओझे मुख्यतः आतील हवा तोलून धरते, आणि ढोबळ मानाने वजनाला हवेच्या दाबाने भागले म्हणजे चाक जमिनीला किती टेकते ते कळते. एका चाकावर 500 किलो भार असेल आणि हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला अडीच किलो असेल, तर सुमारे 200 चौरस सेंटिमीटर जागा जमिनीला टेकते. दाब निम्मा केला तर तीच जागा 400 होते, आणि जमिनीला तेच ओझे अर्धे वाटू लागते. मात्र अरुंद टायरमधील हवा अशी कमी केली तर त्याची कड दुमडते आणि रबर चिरडून जाते. कमी दाब हवा असेल तर हवेचा साठा मोठा हवा, म्हणजेच टायर मोठा हवा. मोठ्या चाकांचे सारे शास्त्र या एवढ्या गोष्टीत सामावलेले आहे.

हवेच्या चाकाचा जन्मही काही अंशी घरगुतीच होता. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने 1845 साली अशा चाकाचे एकस्व घेतले होते आणि लंडनमध्ये घोडागाड्यांना ती चाके लावूनही दाखविली होती; परंतु त्या काळी ती कल्पना रुजली नाही व लोक ती विसरून गेले. पुढे चाळीस वर्षांनी बेलफास्टमधील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या लहान मुलाची तीनचाकी सुरळीत चालावी म्हणून रबरी नळी, कापड आणि लाकडी तबकडी घेऊन घरच्या आवारात प्रयोग केले. 1888 साली त्याला एकस्व मिळाले. थॉमसनचे जुने एकस्व उजेडात आल्यावर ते रद्दही झाले. पण तोवर डनलॉप हे नाव चाकाला कायमचे चिकटले होते.

प्रारंभीच्या मोटारींचे टायर बारीक असत आणि त्यांत हवा फार दाबून भरावी लागे. फोर्डच्या सुप्रसिद्ध मॉडेल टी मोटारीची मागची चाके 30 इंच उंच आणि अवघी साडेतीन इंच जाड होती. अशा दीड कोटी मोटारी 1927 पर्यंत तयार झाल्या, आणि त्यांतील असंख्य मोटारी अमेरिकेतील शेतकऱ्यांच्या घरी गेल्या. शेतकऱ्याने त्या होत्या तशा ठेवल्या नाहीत. मागचा भाग काढून तेथे त्याने लाकडी पेटी बसविली, धान्य व दुधाचे कॅन तीत भरले. मागचे चाक उचलून त्याला पट्टा जोडला आणि करवत फिरविली. ही घरगुती पेटी इतकी लोकप्रिय झाली की 1925 साली फोर्ड कंपनीने स्वतःच तशी गाडी बाजारात आणली व तिची किंमत 281 डॉलर ठेवली. पिकअप मोटार कारखान्याने काढली हे खरे. तथापि तिचा आराखडा आधी शेतकऱ्यांच्या गोठ्यालगत सिद्ध झाला होता, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

टायर रुंद होण्याची कथाही अशीच आहे. 1923 च्या सुमारास फायरस्टोन कंपनीने कमी दाबाचे फुगीर टायर मोटारींसाठी आणले. ट्रॅक्टरची चाके मात्र त्यानंतरही पोलादी व दातेरीच राहिली. फ्लोरिडातील संत्र्यांच्या बागांत त्या दात्यांनी झाडांची मुळे तुटू लागली, तेव्हा काही बागाईतदारांनी मालमोटारींचे टाकाऊ टायर आणून ते पोलादी चाकांवर चढविले. त्यांत हवा नव्हती. नुसते जाड रबर होते. तेवढ्यानेही मुळे वाचली. 1932 साली अॅलिस-चामर्स कंपनीने आपल्या ट्रॅक्टरला फायरस्टोनची हवेची चाके दिली, त्याआधीच्या चाचण्यांत चक्क विमानाचे टायर वापरण्यात आले होते. शेतकऱ्यांचा मऊ रबरावर विश्वास बसेना, तेव्हा बार्नी ओल्डफिल्ड या नामांकित शर्यतपटूला ट्रॅक्टरवर बसवून ताशी 64 मैलांचा वेग काढून दाखविण्यात आला. पुढील सात-आठ वर्षांतच अमेरिकेतील बहुतेक नवे ट्रॅक्टर रबरी चाकांवर धावू लागले.

याच काळात ईजिप्तच्या पश्चिमेकडील वाळवंटात राल्फ बॅगनॉल्ड हा ब्रिटिश लष्करी अधिकारी वेगळ्या प्रयोगांत गुंतला होता. रजेचे दिवस आणि पदरचे पैसे खर्चून तो व त्याचे काही सोबती फोर्ड मोटारी घेऊन वाळूच्या समुद्रात शिरत. त्यांनी गाड्यांची अनावश्यक वजने काढून टाकली, रुंद टायर बसविले आणि वाळू मऊ लागली की हवा कमी करण्याचा परिपाठ ठेवला. रेडिएटरमधून उकळून जाणारी वाफ वाया जाऊ नये म्हणून तिची नळी पाण्याच्या डब्यात सोडली. रुतलेल्या चाकाखाली घालण्यासाठी लांबट पोलादी पत्रे त्यांना कैरोच्या भंगारबाजारात सापडले. जे वाळवंट मोटारीला दुर्गम मानले जात होते, ते अशा रीतीने ओलांडता येऊ लागले. 1940 साली महायुद्धात बॅगनॉल्डने लाँग रेंज डेझर्ट ग्रुप हे पथक उभारले, तेव्हा हाच अनुभव कामी आला. शेव्हरोले मालमोटारींपैकी काही विक्रेत्यांकडून, तर काही ईजिप्तच्या लष्कराकडून मिळविण्यात आल्या. त्यांची दारे व टप काढले, कमानी मजबूत केल्या आणि वाळूचे रुंद टायर चढविले. या पथकाच्या जोडीने पुढे इंडियन लाँग रेंज स्क्वॉड्रन हे हिंदी जवानांचे पथकही त्याच वाळवंटात वावरले. बॅगनॉल्डचे वाळूच्या हालचालीवरील ग्रंथलेखन शास्त्रात मान्यता पावले. पण त्या ज्ञानाचा आरंभ रुतलेली गाडी बाहेर काढण्याच्या खटपटीत झाला होता, हे विसरता येत नाही.

मोठ्या चाकांच्या हौसेला खरे उधाण आले ते अमेरिकेत, 1970 नंतर. सेंट लुइस शहराच्या परिसरात बांधकामाचा व्यवसाय करणाऱ्या बॉब चँडलरने 1974 साली फोर्डची एफ-250 ही चारही चाकांना जोर देणारी पिकअप घेतली. कामावर आणि रानावनात ती दामटताना काही ना काही मोडत असे आणि सुटे भाग मिळत नसत. म्हणून त्याने पत्नी व मित्र यांच्या साहाय्याने दुरुस्तीचे दुकानच काढले, आणि त्या दुकानाची जाहिरात म्हणून आपल्या गाडीची चाके तो वाढवीत गेला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. चाक मोठे करणे म्हणजे केवळ चाक बदलणे नव्हे. 28 इंची चाकाच्या जागी 35 इंची चाक बसविले की धुरा साडेतीन इंच वर जातो. परंतु स्टेअरिंग वळविताच नवे चाक मडगार्डला घासते. मडगार्ड कापावे, किंवा कमानीचे पाटे वाढवून व ठोकळे घालून गाडीचे धूड उंच करावे, हे दोन मार्ग उरतात. धूड उंच केले की इंजिनाकडून धुऱ्याकडे जाणारा दांडा तिरपा होतो व त्याचे सांधे लवकर झिजतात. चाकाचा घेर सव्वापट झाल्याने इंजिनाला ओढ कमी पडते. म्हणून धुऱ्यातील दातेरी चक्रे बदलावी लागतात. वेग दाखविणारा काटा 60 दाखवीत असतो तेव्हा गाडी 75 ने धावत असते. जुना ब्रेक त्याच ताकदीने दाबूनही मोठे, जड चाक लवकर थांबत नाही. आणि सर्वांत गंभीर बाब ही की वजनाचा मध्य वर सरकल्याने वळणावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. एक सुधारणा अशी पाच सुधारणा मागते, आणि त्यांतील एक जरी विसरली तरी तिचे मोल पुढे कोणाला तरी द्यावे लागते.

चँडलरने ही साखळी शेवटपर्यंत नेली. मोडणाऱ्या धुऱ्यांच्या जागी त्याने लष्करी मालमोटारींचे धुरे घातले, मागची चाकेही वळतील अशी योजना केली. बिगफूट हे नाव पावलेली ही गाडी 1981 साली एका शेतात भंगार मोटारींवरून चालविण्यात आली. त्या दृश्याने लोक वेडे झाले आणि मैदाने भरू लागली. चाके 48 इंचांवरून 66 इंचांवर गेली, आणि 1986 सालच्या गाडीला तर दहा फुटी चाके लागली. ती अमेरिकी लष्कराने अलास्कातील बर्फाळ प्रदेशासाठी बनविलेल्या रस्त्यावरील आगगाडीची होती. घरच्या गरजेतून निघालेली वस्तू तमाशाची वस्तू झाली. तथापि या तमाशाने एक शहाणपणही शिकविले. बेताल धावणारी अवजड गाडी प्रेक्षकांत शिरली तर काय होईल, या विचाराने 1988 साली चँडलर व त्याच्या सहकाऱ्यांनी स्पर्धकांची संघटना स्थापून सुरक्षिततेचे नियम केले. चालकाचा ताबा सुटल्यास बाहेरील माणसाला इंजिन बंद करता येईल असे उपकरण गाडीत आले.

आइसलँड या छोट्या देशात हाच उद्योग वेगळ्या वळणाने गेला. तेथील हिमनद्यांवर आणि भुसभुशीत बर्फावर साधी जीप चालत नाही. 1980 नंतरच्या दशकात तेथील लोकांनी आपापल्या गाड्यांची मडगार्डे कापून 38 व 44 इंचांची चाके बसविली, आणि हवा इतकी कमी केली की टायर बर्फावर पसरून जणू तरंगू लागले. वादळात अडकलेल्यांचा शोध घेणाऱ्या स्वयंसेवकांना अशा गाड्या अत्यावश्यक ठरल्या. तेथील शासनाने या बदलांवर सरसकट बंदी घातली नाही. बदललेली गाडी तपासून, तिची नोंद करून मगच रस्त्यावर आणण्याची पद्धत स्वीकारली.

भारतात हवेचे चाक केवळ मोटारीच्या नव्हे, तर बैलाच्या मागे लागूनही खेड्यात पोहोचले. पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या वाटेवर उसाने लादलेली टायरगाडी हे त्याचे परिचित रूप. रुंद रबरी चाकांनी रुतणे कमी झाले, त्याच बैलजोडीमागे अधिक ऊस भरता येऊ लागला. परंतु जे चाक सहज पुढे धावते ते उतारावर सहज थांबत नाही. ब्रेक नसलेल्या गाडीचा सारा लोंढा बैलांच्या मानेवर येतो. चाक सुधारले आणि थांबविण्याची सोय मागे राहिली, तर सुधारणेचा भार मुक्या जनावराने वाहावा लागतो.

मोटारींच्या बाबतीत भारतीय कायदा कठोर आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यातील 52 वे कलम निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी करण्यास मनाई करते, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ अधिकच काटेकोरपणे लावला. या नियमामागे तर्क आहे. बदललेल्या गाडीत बसणारा मालक धोका जाणूनबुजून पत्करतो. समोरून येणारा सायकलस्वार तो पत्करीत नसतो. पण इतिहास दुसरी बाजूही दाखवितो. पिकअप मोटार, रबरी चाकांचा ट्रॅक्टर, वाळवंटातील प्रवास, हिमनदीवरील शोधपथके, या सर्वांच्या मुळाशी मूळ तपशील मोडून पाहणारा कोणी तरी सामान्य माणूस उभा आहे. त्या माणसाचा हात अजिबात थांबविला तर यंत्र कारखान्याच्या कल्पनेपुरते उरते. आणि तो मोकळाच सोडला तर रस्त्यावरील परक्याचा जीव टांगणीला लागतो. या दोहोंमध्ये तपासणीची वाट आहे, आणि जेथे खाजगी अंगणात केलेले काम सार्वजनिक रस्त्यावर येण्यापूर्वी ब्रेकपासून काट्यापर्यंत पारखून घेण्याची व्यवस्था उभी राहिली, तेथे मोठ्या चाकांनी माणसांचे प्राण वाचविले आहेत.