हत्यारे मागे ठेवून

सीमेवर फ्लॅग मीटिंगला जाताना हत्यारे मागे ठेवायची असतात. आपणही आणि समोरच्यांनीही. म्हणूनच मार्च १६२१ मध्ये प्लिमथला झालेल्या तहातले एक कलम वाचताना मी थबकलो. वाम्पानोआगांचा प्रमुख मॅसासॉइट आणि नुकतेच उतरलेले इंग्रज यांच्यातला हा तह. १६२२ मध्ये लंडनला छापलेल्या हकिगतीत आहे, की त्यांनी येताना धनुष्यबाण मागे ठेवावेत, इंग्रजांनी जाताना बंदुका. गव्हर्नर ब्रॅडफर्डने पुढे इतिहास लिहिला, त्यात फक्त धनुष्यबाण उरले. (लिहिणारा एकच पक्ष होता, हे ध्यानात ठेवा.)

मॅसासॉइट भोळा नव्हता. काही वर्षांपूर्वीच्या साथीने त्याची गावेच्या गावे ओस पडली होती, आणि पश्चिमेला नॅरागॅन्सेट शाबूत होते. पहिल्या हिवाळ्यात निम्मे मेलेले ते इंग्रज त्याला कामाचे वाटले. त्याच्या जागी कोणत्याही कमांडरने हेच केले असते. १६२३ मध्ये तो मरणाच्या दारात असताना विन्स्लोने त्याची शुश्रूषा केली. बरा होताच त्याने इंग्रजांना एका कटाची खबर दिली.

त्याच्या हयातीत तह टिकला. १६७१ मध्ये इंग्रजांनी त्याच्या मुलाला, मेटाकॉमला, बंदुका जमा करायला लावल्या. चार वर्षांनी युद्ध पेटले. १६७६ मध्ये मेटाकॉमचे शिर प्लिमथला खांबावर चढवले गेले, आणि ते कित्येक वर्षे तिथेच होते.