तोफ गाड्यावर चढली, पण ओढली कोणी?

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धाचं स्मारक आहे. गावचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले, असं गावकरी सांगतात. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आज सांगलीत असलेले तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुकेही होते. इथली बरीच पोरं मराठा पलटणींतून मेसोपोटेमियात गेली. पण त्याच युद्धाची एक आघाडी आपल्या अरबी समुद्रापलीकडे, पूर्व आफ्रिकेत होती. ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबईहून हिंदी सैन्य तिकडे निघालं.

त्या वेळी दर्यावर धास्ती होती दोन जर्मन युद्धनौकांची. २२ सप्टेंबरला ‘एमडन’नं मद्रासवर गोळे टाकले. त्याआधी दोनच दिवस ‘कोनिग्सबर्ग’नं झांजिबारला ‘पेगॅसस’ ही ब्रिटिश नौका बुडवली होती. दोघींच्या मुख्य तोफा सारख्याच, प्रत्येकी दहा, १०५ मिलिमीटरच्या.

पुढे ‘कोनिग्सबर्ग’ रुफिजी नदीच्या मुखाशी खाड्यांच्या जाळ्यात कोंडली गेली. ११ जुलै १९१५ रोजी माऱ्यानं जर्जर झालेली ही नौका कप्तान लूफ यांनी स्वतःच बुडवली. पाणी उथळ होतं. जर्मनांनी दहाही तोफा वर काढून दार-ए-सलामला नेल्या. जहाजावरच्या तोफेला चाकं कुठली? ती डेकलाच जखडलेली. नुसती नळीच दीड टनाची! मग रेल्वेच्या कारखान्यात गाडे घडवले गेले आणि दर्यावरची तोफ रानात उतरली. मारा सुमारे १२ किलोमीटर. जनरल लेटो-फोरबेक यांच्या फौजेला मोठाच आधार झाला. ब्रिटिशांनीही ‘पेगॅसस’च्या तोफा काढून गाड्यांवर चढवल्या.

पण गाडा ओढायचा कोणी? त्से-त्से माशीच्या त्या मुलखात बैल तग धरत नसत. दोरांना जुंपली गेली ती आफ्रिकी माणसं, एकेका तोफेला शेकडो. उपासमार आणि रोगराईनं या मोहिमेत एकट्या ब्रिटिशांच्या बाजूचे जवळपास एक लाख हमाल मेले, असा अंदाज आहे.

१९१७ अखेर दहाही तोफा निकामी झाल्या किंवा शत्रूच्या हाती पडल्या. मोंबासाच्या फोर्ट जीझसपाशी दोन्ही नौकांची एकेक तोफ जपून ठेवली आहे. ओढणाऱ्या बहुतेकांची नावं मात्र कुणी लिहूनच ठेवली नाहीत. आपल्याकडच्या त्या युद्धाच्या शिळांवरही किती गेले, किती कामी आले, एवढे आकडेच असतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना पणजोबांचं नाव, त्यांची पलटण विचारून वहीत टिपून ठेवणं एवढं तरी आपल्या हाती आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)