शब्दवेध : फिन

फ्रेंच ‘फिल्त्र’ व्हिएतनामी जिभेवर ‘फिन’ झाला. त्या भाषेला जोडाक्षरांची गर्दी सोसत नाही, शब्दाच्या शेवटी ‘ल’ही टिकत नाही, तिथे ‘न’ येतो. फिन म्हणजे पेल्यावर बसणारी धातूची छोटी गाळणी. कडक भाजलेल्या रोबस्टा कॉफीचा दाट अर्क तिच्यातून थेंबथेंब उतरतो, तळाच्या घट्ट गोड दुधावर. फ्रेंच अमलात ताजं दूध दुर्मीळ, म्हणून डब्यातलं वापरात आलं आणि तीच चव रुजली. या कॉफीला हनोईत ‘नाउ’ म्हणतात, म्हणजे तपकिरी. सायगावात ‘सुआ’, म्हणजे दूध. मला हनोईचं नाव अधिक भावतं, ते पेल्यातला रंगच सांगतं. सायगावच्या चिनी वस्तीतलं ‘बाक सिउ’ मात्र कँटोनीज मुळाचं : दूध भरपूर, कॉफी चमचाभर.