पुढे विचारा: रूटिंग टेबल आणि नेपरव्हिलच्या स्विचची गोष्ट

शिकागोच्या पश्चिमेला पंचेचाळीसेक किलोमीटरवर नेपरव्हिल आहे. तिथे आज मराठी घरं पुष्कळ आहेत, आणि ज्यांचे नातेवाईक तिथे आहेत त्यांना हे गाव नदीकाठच्या रिव्हरवॉकसाठी आणि चांगल्या शाळांसाठी माहीत असतं. टेलिफोनच्या इतिहासात मात्र या गावाचं नाव वेगळ्या कारणाने येतं. १९६६ साली बेल लॅब्जने इथे 'इंडियन हिल' नावाची प्रयोगशाळा उघडली. (नावातल्या 'इंडियन'शी आपला काही संबंध नाही.) लांब पल्ल्याचे कॉल जोडणारा 'फोर ईएसएस' हा स्विच इथल्या अभियंत्यांनी घडवला. पहिला फोर ईएसएस जानेवारी १९७६ मध्ये शिकागोत सुरू झाला. नंतर बेल लॅब्जचा हा भाग ल्युसेंटकडे आणि २०१६ मध्ये नोकियाकडे गेला. रस्त्याचं नाव अजून 'लुसेंट लेन' आहे.

या स्विचच्या एका वाईट दिवसाबद्दल मला लिहायचं आहे. पण त्याआधी तुमच्या घरातल्या एका अडचणीबद्दल.

'नेट चालत नाहीये' असं कोणी म्हटलं की आपण राउटरचं बटण बंद-चालू करतो. बहुतेक वेळा नेट परत येतं आणि नक्की काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही. याउलट नेटवर्क सांभाळणारी माणसं आधी एक तक्ता उघडतात: रूटिंग टेबल. मी तंत्रज्ञानाच्या इतिहासातून या तक्त्याकडे आले, आणि पहिल्यांदा तो नीट वाचला तेव्हा मला तो ओळखीचा वाटला. आम्ही अर्काइव्हमध्ये जे वाचतो, तसाच हा एक दस्तऐवज आहे, म्हणजे कोणीतरी कोणाकडून तरी ऐकून केलेली नोंद. माझं म्हणणं एवढंच आहे की जुनं पत्र किंवा बखर ज्या सवयीने वाचायची, त्याच सवयीने हा तक्ता वाचला तर बिघाड सापडतो. ती सवय सोडली की काय होतं, हे नेपरव्हिलच्या गोष्टीत दिसतं.

वडापर्यंत जा, पुढे विचारा

अनोळखी गावात पत्ता विचारला की उत्तर येतं, 'त्या वडापर्यंत जा, पुढे कोणालाही विचारा.' राउटर नेमकं हेच करतो. नेपरव्हिलमधल्या लॅपटॉपवरून पुण्यातल्या सर्व्हरपर्यंतचा सगळा रस्ता कोणत्याही राउटरला ठाऊक नसतो. त्याला एवढंच माहीत असतं की या पत्त्याचं पाकीट पुढच्या कोणत्या नाक्यावर सोडायचं. पुढचा नाका पुढचं बघेल.

तक्त्यातली एक ओळ साधारण असं सांगते: अमुक पत्त्यांच्या गटासाठी पुढचा नाका अमुक, आणि तिथे जायची वायर अमुक. मोठ्या राउटरवर आणखी दोन गोष्टी असतात आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्याच जास्त आवडतात. एक म्हणजे ही माहिती कुठून आली: स्वतःच्या वायरला जोडलेलं जाळं आहे, की कोणी हाताने लिहिलं, की शेजारच्या राउटरने सांगितलं. दुसरी म्हणजे ती माहिती किती वेळापूर्वी कळली.

सिस्को कंपनीच्या राउटरमध्ये तर प्रत्येक प्रकारच्या साक्षीला विश्वासाचा आकडा दिलेला असतो. आकडा जितका लहान, तितका विश्वास जास्त. स्वतःला जोडलेल्या जाळ्याला ०, माणसाने हाताने लिहिलेल्या ओळीला १, बाहेरच्या संस्थेकडून बीजीपीने आलेल्या बातमीला २०, संस्थेच्या आत ओएसपीएफने कळलेल्या बातमीला ११०. एकाच ठिकाणाबद्दल दोन साक्षी आल्या तर लहान आकड्याची साक्ष तक्त्यात जाते. प्रत्यक्षदर्शी आणि ऐकीव यांतला फरक आम्ही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवतो, तो इथे यंत्रात घालून ठेवलेला आहे.

पण यंत्र साक्षीदाराचा प्रकार बघतं, साक्ष खरी आहे का ते तपासत नाही. सगळी गडबड तिथून सुरू होते.

१५ जानेवारी १९९०

त्या दिवशी सोमवार होता, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाची सुट्टी. अमेरिकेतला लांब पल्ल्याचा टेलिफोन तेव्हा मुख्यतः एटी अँड टी कंपनीकडे होता आणि तिच्या जाळ्यात ११४ फोर ईएसएस स्विच होते. राउटरसारखंच प्रत्येक स्विचकडे वाटांची यादी होती, आणि शेजारी बाकीच्या स्विचच्या तब्येतीची नोंद: कोण चालू आहे, कोण बंद, कोणाकडे कॉल पाठवायचे, कोणाकडे नाहीत.

दुपारी अडीचच्या सुमारास न्यूयॉर्कच्या एका स्विचमध्ये किरकोळ बिघाड झाला. त्याने शहाण्यासारखं वागून शेजाऱ्यांना कळवलं, 'मला कॉल पाठवू नका,' आणि चार ते सहा सेकंद स्वतःला बाजूला घेऊन दुरुस्त झाला. इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे.

अडचण 'मी परत आलो' या बातमीत होती. डिसेंबर १९८९ मध्ये सगळ्या स्विचवर नवं सॉफ्टवेअर चढवलं होतं. त्यात वेगळा निरोप न देता दुरुस्त झालेला स्विच थेट कॉल पाठवायला लागायचा. त्यावरून शेजारी ओळखायचे की हा बरा झाला, आणि आपली नोंद सुधारायचे. पण नोंद सुधारत असतानाच, सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत, त्याच स्विचकडून दुसरा निरोप आला तर सॉफ्टवेअरमधल्या एका चुकीमुळे शेजाऱ्याची माहिती बिघडत होती. सी भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये 'ब्रेक' हा शब्द नको त्या जागी होता. माहिती बिघडल्याचं शेजाऱ्याच्या लक्षात यायचं, तो राखीव प्रोसेसरवर जायचा, आणि तिथेही तेच सॉफ्टवेअर, म्हणून तेच व्हायचं. मग तोही काही सेकंद बाजूला व्हायचा, बरा होऊन परत यायचा, आणि परत येण्याची बातमी देऊन त्याच्या शेजाऱ्यांना पाडायचा.

म्हणजे हा आजार पसरवत होती बरं झाल्याची बातमी. एकही स्विच कायमचा बंद पडला नव्हता. ११४ स्विच आळीपाळीने काही सेकंद पडत होते आणि उठत होते. हे रात्री साडेअकरापर्यंत, नऊ तास चाललं. त्या काळात कंपनीच्या जाळ्यावरचे साधारण निम्मे कॉल लागले नाहीत. न लागलेल्या कॉलचा नेहमी दिला जाणारा अंदाज सात कोटींच्या घरात आहे. अभियंत्यांनी अखेर जाळ्यावरच्या निरोपांची गर्दी कमी केली. दोन निरोपांमधलं अंतर वाढलं आणि स्विच शांत झाले.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी 'एका शब्दाने देशाचा फोन पाडला' अशी सांगितली जाते. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. तो शब्द एकाच स्विचमध्ये चुकला असता तर एक स्विच पडला असता. इथे ११४ साक्षीदारांनी एकाच बातमीचा एकाच पद्धतीने चुकीचा अर्थ लावला, कारण सगळ्यांना शिकवणारा एकच होता. राखीव प्रोसेसर ठेवला होता, पण तो मुख्य प्रोसेसरची नक्कल होता. एकाच मूळ प्रतीवरून उतरवलेल्या दहा पोथ्या हे दहा स्वतंत्र पुरावे धरता येत नाहीत, हे पोथ्यांच्या अभ्यासकांना चांगलं ठाऊक असतं.

बिघाडाचा आरोपी

या गोष्टीचा दुसरा भाग कमी सांगितला जातो. बिघाड सॉफ्टवेअरमधला आहे हे कंपनीने स्वतः लवकरच सांगितलं होतं. पण सुट्टीचा दिवस, देशभर एकदम पडलेला फोन आणि त्या काळात हॅकरांविषयी असलेली भीती यामुळे संशय माणसांकडे वळला. नऊ दिवसांनी, २४ जानेवारीला, न्यूयॉर्कमध्ये सीक्रेट सर्व्हिसने काही तरुणांच्या घरांवर छापे घातले. त्यांतल्या एकाला तोंडावर सांगण्यात आलं की १५ तारखेचा फोन तू पाडलास. लेखक ब्रूस स्टर्लिंग यांनी १९९२ च्या त्यांच्या 'द हॅकर क्रॅकडाउन' या पुस्तकात हा सगळा काळ नोंदवला आहे. त्या मुलांनी दुसरं काय केलं असेल-नसेल तो प्रश्न वेगळा. हा गुन्हा त्यांचा नव्हता.

नेटवर्कचा बिघाड शोधणं हे फक्त हुशार लोकांचं कोडं नाही, ते इथे दिसतं. 'कुणीतरी मुद्दाम केलं' हे उत्तर नेहमी तयार असतं आणि ऐकायला बरं वाटतं. ते थांबवायला नोंदी लागतात, आणि नोंदी वाचायचा धीर लागतो.

नवी बातमी, नेमकी बातमी

साक्ष कशी फसवते याची आणखी दोन उदाहरणं देते, कारण चुकांचे प्रकार वेगवेगळे असतात.

इंटरनेटचा पूर्वज अर्पानेट २७ ऑक्टोबर १९८० ला काही तास ठप्प झाला. तिथे प्रत्येक बातमीला ० ते ६३ मधला क्रमांक असे आणि घड्याळासारखा ६३ नंतर परत ० येत असे. मेमरीतले काही बिट गळाल्यामुळे एकाच यंत्राच्या नावाने ८, ४० आणि ४४ अशा तीन बातम्या एकाच वेळी फिरू लागल्या. चक्राच्या हिशोबाने ८ पेक्षा ४० नवी, ४० पेक्षा ४४ नवी, आणि ४४ पेक्षा पुन्हा ८ नवी. प्रत्येक यंत्र 'ताजी बातमी' म्हणून ती पुढे ढकलत राहिलं. एखादं यंत्र बंद-चालू करून उपयोग नव्हता, कारण शेजारी तीच बातमी त्याला परत देत होते.

दुसरं उदाहरण २४ फेब्रुवारी २००८ चं. पाकिस्तान टेलिकॉमला देशात यूट्यूब बंद करायचं होतं. त्यासाठी त्यांनी घातलेली ओळ हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू कंपनीमार्फत जगभर पसरली. यूट्यूबने १,०२४ पत्त्यांचा गट आपला म्हणून जाहीर केला होता. पाकिस्तानातून त्यातल्याच २५६ पत्त्यांची जास्त नेमकी ओळ आली. राउटरचा नियम असा की जी ओळ जास्त नेमकी, ती जिंकते. दोनेक तास जगातल्या पुष्कळ लोकांचं यूट्यूब पाकिस्तानच्या दिशेने जाऊन नाहीसं होत होतं. तारीख-वार-वेळ दिलेली अफवा मोघम सत्यापेक्षा खरी वाटते, तसंच हे.

तुमचा तक्ता

आता तुमच्या घराकडे येऊ. विंडोजवर 'रूट प्रिंट', लिनक्सवर 'आयपी रूट', मॅकवर 'नेटस्टॅट -आरएन' असं लिहिलं की तुमच्या संगणकाचा तक्ता समोर येतो. त्याला हे प्रश्न क्रमाने विचारा.

मी कोण? तुमचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने तुम्हाला पत्ता दिलेलाच नाही, संगणकाने स्वतः काहीतरी धरून घेतला आहे. पुढचं काही बघायची गरज नाही. वायर, वायफाय किंवा पत्ता वाटणारी सेवा तपासा.

बाकी सगळ्यांसाठी कुठे जायचं? ०.०.०.० किंवा 'डिफॉल्ट' अशी एक ओळ असायला हवी. हीच ती 'वडापर्यंत जा' ओळ. ती नसेल तर घरातला प्रिंटर दिसेल, बाहेरचं जग दिसणार नाही. ती असेल तर तिच्यात लिहिलेल्या नाक्याला पिंग करा. ओळ लिहिलेली आहे म्हणजे नाका जागेवर आहे, असं धरून चालू नका.

एकाच ठिकाणाबद्दल दोन ओळी आहेत का? घरून काम करणाऱ्यांना हे फार भेटतं. घरचं जाळं १९२.१६८.१ चं, आणि व्हीपीएन लावल्यावर ऑफिसचं जाळंही तेच निघतं. मग प्रिंटर तरी गायब होतो, नाहीतर ऑफिसचा सर्व्हर. दोन्ही ओळी सारख्याच नेमक्या असतील तर कमी मेट्रिकची जिंकते. राउटर दहा वेळा बंद-चालू केलात तरी हे सुटणार नाही. घरच्या जाळ्याचा आकडा बदलावा लागतो.

ही ओळ कोणी लिहिली आणि कधी? हाताने लिहिलेली ओळ सर्वांत हट्टी असते. तीन वर्षांपूर्वी कोणीतरी तात्पुरती म्हणून घातलेली असते आणि पुढचा राउटर बदलला तरी ती तशीच राहते. तिच्यावरचा विश्वासाचा आकडा मात्र १.

आणि शेवटचा, सगळ्यांत जास्त विसरला जाणारा प्रश्न: समोरच्याचा तक्ता काय म्हणतो? तुमचं पाकीट पोचलं, पण तिथल्या राउटरला तुमच्याकडे यायची वाट माहीत नसेल तर उत्तर येत नाही. तुमच्या बाजूने 'पोचलंच नाही' आणि 'उत्तर परत आलं नाही' हे दोन्ही सारखेच दिसतात. ट्रेसरूटसुद्धा जाण्याचीच वाट दाखवतो, येण्याची नाही. म्हणून पलीकडच्या माणसाला फोन करून त्याचा तक्ता वाचून दाखवायला सांगा. एका बाजूची कागदपत्रं वाचून लढाईचा इतिहास लिहिणाऱ्यांना आपण हसतो. इथेही नियम तोच आहे.

हे पाच प्रश्न विचारायला दहा मिनिटं लागतात. बंद-चालू करायला दोन. रात्री अकराला मुलांचा गृहपाठ अपलोड व्हायचा असेल तर खुशाल बटण दाबा. पण तोच बिघाड तिसऱ्यांदा आला, आणि घरात 'शेजारचा आपलं वायफाय वापरतोय' असं कोणी म्हणायला लागलं, तर बटण दाबण्याआधी तक्ता उघडा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. बंद-चालू केल्यावर तो पुरावा पुसला जातो.