नाव नाही, इतिहास सांगतो

गेल्या महिन्यातली गोष्ट. दूध वर आलेलं आणि बाबा गॅससमोर उभे राहून ओरडतायत, "अरे ते दे लवकर, ते... हात भाजू देत नाही ते!" आई म्हणाली, "सांडशी." मग आम्ही तिघंही पोट धरून हसलो, बाबा सगळ्यात जास्त. गॅस बंद करायचं मात्र कोणालाच सुचलं नाही. दूध उतू गेलं.

गेल्या आठवड्यात हाच शब्द तिसऱ्यांदा अडला. मी ऑफिसच्या कॉलवर होतो. वैतागून बोलून गेलो, "सांडशी, बाबा, सांडशी! किती वेळा सांगायचं?" ह्या वेळी कोणी हसलं नाही. बाबांनी फडक्यानेच पातेलं उतरवलं आणि गप्प खोलीत जाऊन बसले.

अपराधी वाटलं की मी वाचत बसतो, जुनी खोड. त्या रात्री हाती लागला राल्फ वाल्डो इमर्सन. १८०३ साली बॉस्टनला जन्मलेला हा अमेरिकन लेखक आपल्याला अगदीच परका नाही. गीता वाचून भारावलेला माणूस, 'ब्रह्म' नावाची त्याची कविता १८५७ साली छापून आली होती. उभं आयुष्य गेलं लिहिण्यात आणि व्याख्यानं देण्यात. म्हणजे शब्द हेच भांडवल. आणि साठीनंतर नेमकं तेच संपत चाललं. जुलै १८७२ मध्ये काँकर्ड गावातलं त्याचं घर जळालं, त्यानंतर तर विसरणं फारच वाढलं.

त्याचा चरित्रकार कॅबट याने एक किस्सा नोंदवलाय. इमर्सनला छत्री हवी होती, शब्द काही आठवेना. तेव्हा तो म्हणाला, हिचं नाव सांगता येत नाही, पण इतिहास सांगू शकतो: अनोळखी लोक हिला घेऊन जातात!

वाचलं आणि रात्री दीड वाजता एकटाच हसलो. आमचं 'हात भाजू देत नाही ते' ह्याच जातीचं की!

आमच्या भाषेत सांगायचं तर डेटा जागेवर असतो, इंडेक्स बिघडलेला असतो. १९६६ साली हार्वर्डच्या ब्राउन आणि मॅकनील ह्या दोघांनी 'अगदी जिभेवर आहे, पण आठवत नाही' ह्या अवस्थेवर प्रयोग केले. शब्द सापडत नसतानाही लोकांना त्याचं पहिलं अक्षर किंवा त्यात किती अवयव आहेत, हे बऱ्याचदा बरोबर सांगता येत होतं.

इमर्सनचं प्रकरण मात्र एवढ्यावर थांबलं नाही. आजचा डॉक्टर त्याला बहुधा स्मृतिभ्रंशच म्हणेल. पण अल्झायमरने आपली ती प्रसिद्ध रुग्ण जगासमोर मांडली १९०६ साली, इमर्सन गेल्यावर २४ वर्षांनी. तरी १८७९ मध्ये, ७६व्या वर्षी, त्याने काँकर्डमध्ये व्याख्यान दिलं. विषय? 'स्मरणशक्ती'! त्या शेवटच्या वर्षांत त्याची मुलगी एलन व्याख्यानाला जवळ बसायची. वडील अडले की सावरून घ्यायची. 'किती वेळा सांगायचं' असं तिने म्हटल्याचं निदान माझ्या वाचनात आलेलं नाही.

मार्च १८८२ मध्ये त्याचा जुना मित्र, कवी लाँगफेलो वारला. अंत्यविधीला गेलेल्या इमर्सनने मित्राचा चेहरा पाहिला आणि सोबतच्या माणसाला सांगितलं, की हे गृहस्थ फार गोड, सुंदर मनाचे होते, पण त्यांचं नाव मी साफ विसरलो. पुढच्याच महिन्यात, २७ एप्रिलला, तो स्वतःही गेला.

ह्यावर हसायचं की रडायचं, मला अजून कळलेलं नाही. पण नाव गेलं तरी मैत्री शिल्लक होती, एवढं नक्की.

असो. बाबांना डॉक्टरांना दाखवून आणलंय. वयानुसार आहे, काळजीचं काही नाही, म्हणाले. मी माफी मागितली तर बाबा म्हणाले, "कशाबद्दल रे?" खरंच विसरले होते की मला सोडून दिलं, देव जाणे. आता शब्द अडला की मी थांबतो. आधी त्यांना इतिहास सांगू देतो, मग नाव.

परवा पावसात बाबा भिजून घरी आले. "छत्री बसमध्ये विसरलो," म्हणाले.

नाव एकदम बरोबर सांगितलं. फक्त छत्री नव्हती :)