ऐच्छिक संगणन आणि दुर्बळ कूटलेखन

ऐच्छिक संगणन म्हणजे अनेकांनी आपापल्या संगणकांचा रिकामा वेळ एकत्र करून केलेले गणन. कूटलेखनाचा कमकुवतपणा त्याने चव्हाट्यावर आणला तो 1997 मध्ये, अमेरिकेतील ‘डेसचॅल’ मोहिमेत. 1977 पासून तिथे सरकारी प्रमाण असलेल्या ‘डेस’ या कूटलेखन पद्धतीत संदेश उलगडणारी किल्ली 56 बिटांची होती. असा एक कूटसंदेश उलगडण्यासाठी रॉक व्हर्सर यांच्या यंत्रणेने संभाव्य किल्ल्यांचे गट स्वयंसेवकांना वाटून दिले आणि जूनमध्ये नेमकी किल्ली एका 90 मेगाहर्ट्‌झच्या साध्या पेंटियमवर सापडली. तोवर जेमतेम चतुर्थांश किल्ल्या तपासून झाल्या होत्या, म्हणजे नशिबाने साथ दिली, असे म्हणता येईल. पण ती साथ मिळाली नसती तरी काम फार तर चौपट वाढले असते. पुढच्याच वर्षी ‘डीप क्रॅक’ या खास यंत्राने तेच काम 56 तासांत उरकले. चोरांना वाट दाखवली, हा आक्षेपही लटका आहे: तो संदेश आरएसए कंपनीनेच आव्हान म्हणून दिला होता, आणि पैसेवाल्या चोराला स्वयंसेवकांची गरज नसते.

भारतात मात्र इंटरनेट सेवेच्या परवान्यांत कूटलेखनाच्या विनापरवानगी वापराची मर्यादा 40 बिटांचीच होती. अशी किल्ली शोधणे 56 बिटांपेक्षा 65,536 पट सोपे. मुंबईच्या रिझर्व्ह बँकेने 2001 मध्ये इंटरनेट बँकिंगसाठी 128 बिटांची शिफारस केली, तेव्हा एकाच देशात दोन मापे झाली.