काचेच्या प्लेटपासून खिशातल्या फोनपर्यंत

स्मार्टफोनमधील कॅमेरा स्वतंत्र कॅमेऱ्याची जागा घेऊ शकेल काय, हा प्रश्न आज घरोघरी निघतो. नातवंडे म्हणतात, जागा केव्हाच घेतली. हौशी छायाचित्रकार म्हणतात, ते कदापि शक्य नाही. दोन्ही पक्ष आपापल्या परीने खरे बोलतात, म्हणूनच हा वाद मिटत नाही. केवळ उपकरणांची तुलना करून तो मिटेल, असे आम्हांस वाटत नाही. छायाचित्रणाच्या जवळपास दोनशे वर्षांच्या इतिहासात हाच प्रश्न, उपकरणांची नावे तेवढी बदलून, पुनःपुन्हा उभा राहिला आहे. प्रत्येक वेळी काय मिळाले आणि काय सुटले हे पाहिले, तर आजचे उत्तर अधिक स्पष्ट होते. या इतिहासातील काही मोलाची पाने इंदूर, हैदराबाद आणि बडोदे या आपल्याच शहरांत लिहिली गेली आहेत, हेही वाचकांच्या नजरेस आणून देणे अगत्याचे आहे.

फ्रान्समध्ये निसेफोर निएप्स याने १८२६-२७ च्या सुमारास आपल्या खिडकीतून दिसणारे दृश्य धातूच्या पत्र्यावर टिपले. त्यासाठी प्रकाश कित्येक तास पडू द्यावा लागला. १८३९ साली दागेरची पद्धत जाहीर झाली. तिचे चित्र विलक्षण रेखीव असे. परंतु एका वेळी एकच प्रत, दुसरी निघत नसे. १८५१ मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने काचेवर कोलोडियनचा थर देण्याची रीत शोधली. एका काचेवरून हव्या तितक्या प्रती निघू लागल्या आणि दागेरची पद्धत काही वर्षांतच मागे पडली. ही विद्या हिंदुस्थानातही लवकर पोहोचली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे होते.

आता इंदूरकडे वळू. १८४४ साली मेरठजवळच्या सरधना येथे जन्मलेले लाला दीनदयाळ रुरकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस लागले. नकाशे काढणे आणि खर्चाचे अंदाज तयार करणे हे त्यांचे काम. १८७४ च्या सुमारास त्यांनी छंद म्हणून कॅमेरा हाती घेतला. महाराजा तुकोजीराव होळकर (दुसरे) आणि इंग्रज प्रतिनिधी सर हेन्री डेली यांनी त्यांस उत्तेजन दिले. पुढे सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर मध्य भारताचा दौरा करून त्यांनी ग्वाल्हेर, सांची, खजुराहो येथील वास्तूंची छायाचित्रे घेतली आणि ती १८८६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. एका सरकारी नोकराचा हा छंद अखेर त्यास हैदराबादच्या सहाव्या निजामाच्या दरबारात घेऊन गेला. तेथे त्यांस ‘मुसव्विर जंग’ हा किताब मिळाला. सिकंदराबाद, इंदूर आणि मुंबई येथे त्यांचे स्टुडिओ चालत. १८९२ साली हैदराबादेत त्यांनी पडद्यातील स्त्रियांसाठी निराळा जनाना स्टुडिओ उघडला आणि तेथील काम एका इंग्रज बाईकडे सोपविले.

दीनदयाळांच्या सुरुवातीच्या काळातील ओल्या प्लेटचे काम किती कष्टाचे होते, याची आज कल्पना करणे कठीण आहे. काचेवर थर द्यायचा, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि थर वाळण्यापूर्वी, म्हणजे सुमारे दहा मिनिटांच्या आत, धुऊन काढायचे. अर्थात अंधारी खोली तंबूच्या रूपाने सोबत न्यावी लागे. काचा, रसायने, पाणी आणि तिपाई हे ओझे वेगळेच. अशा कामात माणूस पन्नास चित्रे काढून त्यांतले एक निवडत नसे. तो आधी निवडी, मग चित्र काढी.

१८७१ मध्ये इंग्लंडमधील डॉ. रिचर्ड मॅडॉक्स यांनी कोरड्या प्लेटची कल्पना मांडली आणि तंबूची गरज संपत गेली. १८८८ साली अमेरिकेत जॉर्ज ईस्टमनने कोडॅक कॅमेरा विकावयास काढला. त्यात शंभर चित्रांचे रीळ भरलेले असे. ते संपले की संपूर्ण कॅमेराच कारखान्यात पाठवायचा आणि तेथून छापील चित्रे व नव्याने भरलेला कॅमेरा परत यायचा. त्याची किंमत २५ डॉलर होती. १९०० साली आलेला ब्राउनी कॅमेरा अवघ्या एका डॉलरला मिळू लागला. छायाचित्रण धंदेवाल्याच्या हातून घरच्या माणसाच्या हाती गेले ते तेव्हा. १९२५ मध्ये जर्मनीत लायका बाजारात आला. २४ गुणिले ३६ मिलिमीटरची एवढीशी निगेटिव्ह मोठ्या प्लेटपुढे खेळण्यासारखी वाटावी अशीच होती. तरीही पुढील काही दशकांत जगातील वृत्तछायाचित्रण या लहान कॅमेऱ्यानेच व्यापले. ज्या ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यास आज आपण ‘खरा कॅमेरा’ म्हणतो, तोही एके काळी असाच धाकटा, उपरा म्हणून आला होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

बडोद्याचा वाटाही लहान नाही. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली स्थापन झालेल्या कलाभवनात धुंडिराज गोविंद फाळके यांनी छायाचित्रणाचे शिक्षण घेतले आणि पुढे गोधऱ्यास स्टुडिओ थाटला. त्याच दादासाहेबांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. स्वातंत्र्योत्तर काळात मध्यमवर्गीय घरांत सर्वाधिक परिचित झालेल्या कॅमेऱ्यांपैकी एक, आगफाचा ‘क्लिक थ्री’, हाही बडोद्यातच तयार होई. एका रिळात बारा चौकोनी चित्रे निघत. आमच्या वयाच्या कित्येकांच्या मुंजी, बारशी आणि सहली या बारा चौकटींतच सामावल्या आहेत. याच बडोद्यात होमाई व्यारावाला यांनी आपल्या आयुष्याची अखेरची वर्षे शांतपणे घालविली. गांधीजींची अंत्ययात्रा टिपणाऱ्या, भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या बाईंनी १९७० मध्येच कॅमेरा खाली ठेवला होता. २०११ साली त्यांस पद्मविभूषण मिळाले आणि २०१२ साली त्या निवर्तल्या.

फिल्मची सद्दी संपविणारे यंत्र फिल्म विकणाऱ्या कंपनीतच जन्मले. १९७५ साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने फिल्मविना चालणारा कॅमेरा जुळविला. एक धूसर कृष्णधवल चित्र कॅसेटवर उतरविण्यास त्यास २३ सेकंद लागत. त्याच कोडॅक कंपनीला जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. दरम्यान १९९९ साली जपानमध्ये क्योसेरा कंपनीने कॅमेरा असलेला फोन विक्रीस आणला आणि २००७ च्या पहिल्या आयफोनमध्ये दोन मेगापिक्सेलचा साधा कॅमेरा होता. त्यानंतरची कथा आकडेच सांगतात. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या नोंदीनुसार २०१० साली सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले; २०२० साली ९० लाखही नाहीत. तथापि बुडाले ते मुख्यतः खिशात मावणारे छोटे कॅमेरे. भिंग बदलता येणारे कॅमेरे टिकून राहिले आणि २०२४ मध्ये एकूण संख्या पुन्हा थोडी वाढून ८० लाखांच्या वर गेली. म्हणजे फोनने कोणाची जागा घेतली, हे बाजाराने सांगून टाकले आहे: ब्राउनीच्या आणि क्लिक थ्रीच्या वारसाची.

मग मोठा कॅमेरा का टिकला? पावसात अंगणात एक पातेले आणि एक वाटी ठेवावी. दोन्हींवर पाऊस तोच, पण पातेल्यात पाणी अधिक साठणार. प्रकाशाचेही तसेच आहे. मोठ्या कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणारा संवेदक ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटरचा असतो. चांगल्या फोनमधील मुख्य संवेदक बहुधा ७० ते ११५ चौरस मिलिमीटरच्या घरात असतो. ही उणीव फोन गणिताने भरून काढतो. बटण एकदा दाबले तरी तो लागोपाठ अनेक चित्रे घेतो, ती एकावर एक जुळवितो, अंधार उजळतो, आकाशाची निळाई सांभाळतो. जणू वाटी भराभर दहा वेळा भरून पातेल्यात ओतावी! दिवाळीच्या पणत्यांच्या उजेडात घरच्यांचे सुरेख चित्र येते ते या युक्तीमुळे. मात्र समोरचे दृश्य हलू लागले की जुळवणी चुकते. कान्ह्याच्या जंगलात संध्याकाळच्या अंधुक उजेडात दूरवर चालणारा वाघ, मैदानाच्या सीमेबाहेरून टिपायचा फलंदाजाचा फटका, अंधाऱ्या रंगमंचावरील नटाचा चेहरा, येथे मोठे भिंग आणि मोठा संवेदक यांना आजही पर्याय नाही.

दुसरीकडे, फोनने जे दिले ते कॅमेऱ्यास कधीच देता आले नव्हते, हेही मान्य केले पाहिजे. आम्ही शासकीय सेवेत असताना बांधकामाच्या फायलीत छायाचित्र लावायचे, तर रीळ संपण्याची आणि धुऊन येण्याची वाट पाहावी लागे. चित्र कोठले आणि केव्हाचे, यास पाठीमागच्या सहीखेरीज आधार नसे. आज प्रधानमंत्री आवास योजनेतील ग्रामीण घराचे प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र स्थळाच्या नोंदीसह फोनवरून पाठविले जाते. दीनदयाळांना जनाना स्टुडिओ उघडावा लागला. आज घरातील स्त्री स्वतःच कॅमेरा धरते आणि काय टिपायचे ते तीच ठरविते. जुन्या घराण्यांतील मोडी कागद अभ्यासकांपर्यंत पोहोचविण्याचे काम फोनने जितके सुकर केले, तितके दुसऱ्या कोणत्याही उपकरणाने केले नसेल.

परंतु गणिताने भरलेली उणीव आणि कल्पनेने भरलेली उणीव यांतील रेषा पुसट आहे. २०२३ मध्ये एका प्रसिद्ध कंपनीचे फोन पडद्यावरील मुद्दाम धूसर केलेल्या चंद्रावरही डाग आणि विवरे उमटवितात, असे एका वापरकर्त्याने दाखवून दिले. यंत्रास चंद्र कसा असतो हे शिकविलेले होते. त्याने पाहिले त्यापेक्षा अधिक ‘आठवले’. चंद्राच्या बाबतीत हे चालून जाईल. पण उद्या पणजीच्या जीर्ण चित्रातील चेहरा यंत्राने ‘सुधारला’, तर ती पणजी राहील काय? कायद्यानेही याची दखल घेतली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात मांडताना प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यात त्या फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे जणू तिच्या अंगठ्याचा ठसा, द्यावे लागते. जुन्या निगेटिव्हवर जो विश्वास सहज बसे, तो आता असा सिद्ध करावा लागतो.

आमच्या मते खरी चिंता याही पलीकडे आहे. होळकर, शिंदे, गायकवाड यांच्याबरोबर वा नंतर नोकरीनिमित्त आलेली आपली घराणी. वाडे पडले, इनामे गेली, भाऊबंद पांगले. कित्येक घरांत मागे उरले ते ट्रंकेतील पुठ्ठ्यावर चिकटविलेले एखादे समूहचित्र: मध्ये खुर्चीवर पगडीतले आजोबा, मागे उभी मुले, पुढे सतरंजीवर नातवंडे. ते पाहण्यास वीज लागत नाही, परवलीचा शब्द लागत नाही. दीनदयाळांच्या काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आजही आहेत आणि त्या पाहावयास खिडकीतला उजेड पुरतो. उलट आपल्या फोनमधील हजारो चित्रे एका बिघडलेल्या यंत्राच्या, एका विसरलेल्या परवलीच्या शब्दाच्या, एका कंपनीच्या बदललेल्या नियमाच्या आधीन असतात. गूगलने छायाचित्रांसाठी दिलेली अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद केली, हे उदाहरण ताजेच आहे. शिवाय हजारांच्या गर्दीत एक चित्र शोधायचे कोणी? आणि त्यात कोण उभे आहे, हे कोठे लिहिलेले असते? मागे नाव नसलेले छायाचित्र तिसऱ्या पिढीत परक्याचे होते. मग ते ओल्या प्लेटवरचे असो वा फोनमधले.

तेव्हा मूळ प्रश्नाचे आमचे उत्तर असे. घरगुती कॅमेऱ्याची जागा फोनने घेतली आहे आणि ती योग्यच घेतली आहे. जंगल, मैदान, रंगभूमी आणि अस्सल नोंदीचे काम येथे स्वतंत्र कॅमेरा राहील. परंतु चित्र घेण्यापूर्वी करावयाची निवड आणि घेतल्यानंतर करावयाची जपणूक, ही दोन्ही कामे पूर्वी अडचणींमुळे आपोआप होत. काच महाग होती, रीळ बाराच चित्रांचे होते. आता ती अडचण उरली नाही, म्हणून ती शिस्त आपणांसच पाळावी लागेल. प्रत्येक घराने वर्षाकाठी क्लिक थ्रीच्या रिळाइतकी, बारा छायाचित्रे निवडून चांगल्या कागदावर छापून घ्यावीत. जुन्या चित्रांची फोनने प्रत काढावी. पण मूळ चित्र यंत्राकडून ‘सुधारून’ घेऊ नये. आणि प्रत्येकाच्या मागे मऊ पेन्सिलीने, बाळबोध अक्षरांत, नावे, गाव व तारीख लिहावी. ज्यांना ती नावे ठाऊक आहेत, अशी वडीलधारी मंडळी आज घरात आहेत. हे काम त्यांच्याजवळ बसून याच वर्षी उरकावे.